इठोबा मिस्तरीची जोडी

इठोबा मिस्तरीसमोर एक चप्पल हातात घेऊन उभं राह्यलं, तं तो आधी इचारे, "दुसरी कुठं हाय?" एकटा बैल दिसला तरी तेच. गुडीहत्नूरजवळच्या आमच्या गावात त्याचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान, पन जीव समदा जोडीत. "जोडी फोडू नोको बे," हे दिवसातून पन्नास वेळा.

आमच्या भजनी मंडळासाठी त्यानं निर्मल गावच्या खेळण्याइच्या हलक्या लाकडाच्या डब्या केल्या. हरेकाच्या गळ्यात एक डबी, कानात वॉकमनचे बोंडं. डबीवर हरेक वाद्याचं, हरेक गळ्याचं येगळं बटन. ज्याले जे आयकाचं, त्यानं ते वाढवाचं. मी ढोलकीवाला. मी निस्ती माही ढोलकी वाढवली, बाकी समदे बंद केले. लय ग्वाड वाजून राह्यली होती. ताल सोडून मी कुठं पोचलो, ते बाकीच्याइलेच समजलं.

मंडळात तवा नवी विजेची पेटी आली होती. तिच्या तारा दोन, डाव्या कानाची एक, उजव्याची एक. म्हनून बटनंही दोन. मी अडानी मानूस. मले वाटलं एक फालतू हाय, तं बंद केलं. अर्धे सूर गायब!

"अबे, एक बैल सोडला तं गाडी गोल फिरन ना!" इठोबा वरडला. मंग त्यानं सायकलच्या ट्यूबचा पट्टा कापून दोन्ही बटनाइवर चढवला. एक फिरवलं का दुसरं आपोआप फिरे.

समद्याइचं जमलं. नाही जमलं ते सखूमावशीचं, इठोबाच्या बायकोचं. तापात तिचा डावा कान गेला होता. तिकडचे सूर वायाच जात, अन् मावशी भलतीकडंच गाये. मुधोळच्या भजनाले चार दिवस राह्यले, तवा मंडळाचे बुवा म्हणाले, "सखूबाई, औंदा तुमी निस्ते टाळ धरा." मावशीनं गळ्यातली डबी काढून ठेवली अन् घरी गेली. तीस वर्षं गायलेली बाई!

दुसऱ्या दिवशी दुकानात गेलो तं इठोबा तिचीच डबी उघडून बसला होता. दोन्ही तारा त्यानं एकात जोडल्या होत्या. समदे सूर उजव्या कानात.

म्या म्हणलं, "मिस्तरी, तुमीच जोडी फोडली?"

"फोडली नाही बे. एका घरात नांदवली."

मुधोळले भर दुपारी मावशी अशी गायली का बुवा सोता टाळ धरून बसले. मी तिच्याकडं पाहातच राह्यलो, म्हनून दोनदा ताल चुकलो. नसतं पाह्यलं तं चारदा चुकलो असतो.

इठोबा मावशीच्या डाव्या अंगाले बसला होता. हरेक अभंग संपला का तिच्या गेलेल्या कानाशी तोंड नेऊन काईतरी पुटपुटे. जेवताना म्या इचारलं, "मिस्तरी, त्या कानानं तिले आयकू येत नाही. काऊन बोलता?"

"म्हनूनच बोलतो. ग्वाड गाते म्हणलं. आयकलं तं डोक्यावर बसन ना!"

माह्या पोटात काई राह्यत नाही. मावशी वाढाले आली, तं हळूच सांगून टाकलं. ती पदर तोंडाले लावून हासली.

"अरे येड्या, एकच कान गेला ना माहा! दुसऱ्यानं समदं आयकू येते. पन त्याले सांगू नोको बरं. नाई तं बोलनंच बंद करन."