शेवटचा भाग दुकानातच वाचायचा

सोनाकाकू पुस्तकं फोडायच्या. नवं पुस्तक हातात आलं की आधी त्याचा वास घ्यायच्या, पाठीवरून बोट फिरवायच्या आणि विळीवर धरून सरळ तीन तुकडे करायच्या. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी दोन्ही हातांनी डोळे झाकून घेतले. अहो, मी मराठीचा मास्तर! पुस्तकाला पाय लागला तर पाया पडणाऱ्या घरातला. माझ्यासमोर हा कसाईखाना!

आमचं गाव सीमेपलीकडं, आदिलाबादजवळच्या तलमडुगूकडचं. गावात मराठी शाळा होती, मराठी बोलणारी माणसं होती, मराठी पुस्तकं मात्र नावाला नव्हती. काकूंचा भाऊ यवतमाळला रद्दीचा धंदा करायचा, तो अधूनमधून बसच्या टपावरून एक पोतं पाठवायचा. त्यात खुनाच्या रहस्यकथा असत, हेरांच्या पाठलागाच्या कादंबऱ्या असत, शिवाय घरगुती औषधं, विहिरीचं पाणी, साप-विंचू असली माहितीची पुस्तकंही असत. पुस्तक एक आणि वाचणारे फार, म्हणून काकूंनी ही युक्ती काढली होती. पहिला भाग एका घरी, मधला दुसऱ्या घरी, दोन्ही दाभणानं सुतळी ओवून नीट शिवलेले.

आणि शेवटचा भाग? तो काकूंच्या किराणा दुकानात, साखरेच्या डब्याशेजारी. तो घरी न्यायचा नाही. तिथेच बाकावर बसून वाचायचा. असं का, हे विचारायची सोय नव्हती.

"पुस्तक माहं हाय. वाचाचं असन त बसा, नाई त जा."

बसलं की काकू समोर शेंगा सोलत बसायच्या आणि टक लावून आपल्या तोंडाकडे पाहायच्या. मध्येच चहा द्यायच्या. गिऱ्हाईक आलं तर "थांब जरा, मास्तर खुनापाशी आले" म्हणून त्याला ताटकळत ठेवायच्या. पान उलटायला उशीर झाला की रागवायच्या, आणि लवकर उलटलं तर जास्तच.

स्वतः नुकतंच वाचलेलं सांगण्याचा तर त्यांना भारी सोस. मीठ मागायला गेलेल्या माणसाला आधी चालू पुस्तकाचा निकाल ऐकावा लागे, आणि निकाल म्हणजे निव्वळ शिव्या. गुप्तहेरांवर विशेष राग. "हा हेर हाय का पावना? ज्याच्या त्याच्या घरी चा पिऊन राह्यला! थो नौकर पयल्या पानापासून खोटं बोलून राह्यला, याले दिसत नाई?" पाठलागाच्या कादंबरीवर म्हणायच्या, "गाडी नुसती पळून राह्यली. पेट्रोल कोन टाकते तिच्यात, याचा बाप?" पण खरा संताप माहितीच्या पुस्तकांवर. "खुनाच्या पुस्तकात शेवटी त खरं सांगते. याच्यात नुसतं 'असे मानले जाते'. कोन मानते? नाव सांग न त्याचं!"

माझ्या वाट्याला नेहमी मधला भाग. पहिला आधी शिंप्याच्या बायकोकडे जायचा, आणि ती सावकाश वाचणारी बाई. त्यामुळे मेलेला माणूस कोण होता हे कळायच्या आत त्याच्या तेराव्याचं जेवण मी वाचून संपवलेलं असायचं. हे सगळं मी सोसलं. सापांच्या पुस्तकानं मात्र कहर केला.

एका सकाळी चुलीसाठी पऱ्हाट्या काढत होतो. कापसाच्या त्या वाळल्या झाडांच्या ढिगात हात घातला आणि बोटाला काहीतरी कचकन चावलं. ढिगात सळसळ झाली. घरात सापांच्या पुस्तकाचा मधला भाग होता, तो उघडला. साप अंडी कुठे घालतो, किती घालतो, याची त्यात इत्थंभूत माहिती होती. उपाय शेवटच्या भागात! मी बोट धरून रस्ता ओलांडून दुकानाकडे धावलो.

"काकू, शेवटचा भाग द्या! मला साप चावलाय!"

"बसा," काकू म्हणाल्या. "बाहीर न्याचा नाई."

मरणाच्या दारात उभा असलेला माणूस, आणि ही बाई नियम सांगते! त्यांनी मला दंडाला धरून बाकावर बसवलं, डब्याशेजारचा भाग काढला आणि स्वतःच मोठ्यानं वाचायला लागल्या. "'रोग्यास धावू देऊ नये.' धावत आले न तुमी? काई अक्कल?" पुढची ओळ, 'रोग्यास घाबरवू नये', ही त्या अशा काही ओरडल्या की रस्त्यावरचे बैल बिचकले. त्याच्या खाली लिहिलं होतं, 'ताबडतोब दवाखान्यात न्यावे.'

मग जीप, मग आदिलाबाद, मग दवाखाना. डॉक्टरांनी बोट उलटसुलट पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि हसू दाबत म्हणाले, "मास्टरजी, चूहा है."

त्या दिवशी मी ठरवलं, या बाईच्या बाकावर पुन्हा बसणार नाही. तसे काकूंचे दिवस आता बरे नव्हते. गावात टीव्ही आले होते. शिंप्याची बायको पहिला भाग न उघडताच परत करू लागली होती. एकेक करून सगळे गळाले आणि बाकावर मी एकटाच उरलो होतो. हे मला चांगलं ठाऊक होतं. पण माझा राग काही उतरेना.

अडचण एकच होती. गिरणीमालकाच्या खुनाच्या कादंबरीचा मधला भाग मी वाचून बसलो होतो, आणि शेवट दुकानात. रोज शाळेतून येताना तो मला दिसायचा आणि माझा जीव वरखाली व्हायचा. शेवटी एका रविवारी बस धरून पांढरकवड्याला गेलो. स्टँडवरच्या जुन्या पुस्तकांत तेच पुस्तक सापडलं. आख्खं! परतीच्या बसमध्ये पार शेवटच्या ओळीपर्यंत वाचून काढलं आणि उतरल्याबरोबर थेट दुकानात शिरलो.

काकू एकट्याच होत्या. मला पाहून लगबगीनं उठल्या, फडक्यानं बाक पुसू लागल्या. "आले का? बोट बरं झालं? बसा, चा ठेवलाच हाय."

"बसत नाही!" मी पुस्तक बाकावर आपटलं. "हे पाहा. आख्खं वाचलं. शेवटासकट! तुमच्या बाकावाचून!"

मला वाटलं, आता तोंडाचा पट्टा सुटणार. काकूंचा फडक्यावरचा हात थांबला.

"पुरं वाचलं?"

"पुरं."

"मंग आता तुमी कायले येता?" त्या हळूच म्हणाल्या. मग फडकं झटकलं. "हे गेले, लेक नेरडीगोंड्याले देली. मीठ-साखर घेनारं मानूस उभ्या उभ्या जाते, मास्तर. बसते थे शेवटासाठीच."

असा राग आला मला! शिंप्याच्या बायकोचा आला, टीव्हीचा आला, सगळ्या गावाचा आला. आणि या बाईचाही आला. अहो, सरळ 'बसा' म्हणायला काय झालं होतं? त्यासाठी पुस्तकं कापायची?

तरी मी बाकावर बसलो आणि डब्याशेजारचा त्यांचा भाग ओढून घेतला.

"वाचलं न तुमी?"

"बसमध्ये कसलं वाचन, काकू! रस्त्यात हे खड्डे. अर्ध्या ओळी सुटल्या."

काकूंनी माझ्याकडे नीट पाहिलं. मग चहा गाळला, शेंगांची परडी घेतली आणि समोर बसल्या. खुनी मला माहीत होता. मी पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. उन्हं कलली, गिऱ्हाइकं येऊन गेली, तरी मी वाचतच होतो.

"पान उलटा न, मास्तर," काकू शेवटी खेकसल्या. "झोपले का?"

"उलटतो हो," मी म्हटलं. "घाई काय आहे?"