समोर पाणी ठेव, तंगी

बसप्पा सर टांग्यात पुढं चढायच्या आधी मागं बसलेल्या माणसाचं वजन डोळ्यांनी जोखत. माणूस किडकिडीत निघाला, की आपल्या हातातली पिशवी न विचारता त्याच्या मांडीवर ठेवत आणि मगच टांगेवाल्याला म्हणत, "चल आता. जमलं." सायकलच्या हँडलला एकीकडं भाजीची पिशवी लटकली, की दुसरीकडं तेवढ्याच वजनाचा दगड. बाजारातली भाजीवाली वांगी तोलून झाली, की आपण होऊन विचारायची, "मास्तर, धोंडा आणलाय न्हवं?"

मी तेव्हा बावीस वर्षांची, कुर्डुवाडीच्या रेल्वे क्वार्टरातनं आलेली, सूक्ष्मजीवशास्त्रात पहिला वर्ग. पहिला वर्ग मिळाला की माणसाच्या कानात मळ साठतो, हे मला फार उशिरा कळलं. सोलापुरात एका दवाखान्यामागच्या प्रयोगशाळेत सरांच्या हाताखाली नोकरी लागली, आणि त्यांचं हे वजनाचं वेड बघून मी पदराआड हसायची. त्याचा तिथल्या यंत्राशी काही संबंध असेल, हे माझ्या पहिल्या वर्गाच्या डोक्यात आलंच नाही.

सरांचं काम सांगते. रक्तातली पांढरी पेशी जंतू गिळते. गिळताना त्याच्याभोवती एक बारीक पिशवी तयार होते. शत्रू आत आला, हा निरोप त्या पिशवीपासून पेशीभर जातो कसा, एवढा एकच प्रश्न सरांना पडलेला. पिशवीलाच विचारायचं, तर ती आधी बाहेर काढायला हवी. म्हणून सर पेशींना तेलाचे थेंब खायला घालत. पेशी बिचाऱ्या जंतू समजून गिळत. मग त्या काचेच्या नळीत काचेच्याच बत्त्यानं फोडायच्या, दाट साखरपाण्यात कालवायच्या, वर पातळ साखरपाणी सोडायचं आणि यंत्रात गरगर फिरवायचं. तेलानं भरलेल्या पिशव्या आमटीच्या तवंगासारख्या वर येतात, गाळ खाली बसतो. अवघड एवढंच, की पेशी फुटली पाहिजे आणि आतली पिशवी फुटता कामा नये. "दार तोड, पण देव्हारा हलवू नको," असं सर म्हणायचे. दोन वर्षं देव्हारा हलतच होता.

सर अक्कलकोटच्या पलीकडचे, घरात कन्नड. माझ्याशी बोलताना वाक्याच्या शेवटी हटकून "तंगी" यायचं. बर्फ आण, तंगी. साखर जपून, तंगी. मला वाटलं, माणूस टंचाईनं पिचलाय. टंचाई होतीच की. भुशात गुंडाळून आणलेला बर्फ दुपारपर्यंत टिकत नसे, साखर रेशनवर, नळाला पाणी दिवसाआड.

एप्रिलातली गोष्ट. रक्त मागायला सर आले, की सगळ्यांना बाहेर कामं निघायची. त्या सकाळी त्यांनी स्वतःचाच हात पुढं करून रक्त काढून घेतलं. पेशी फोडून सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला, तो बराच वेळ काढलाच नाही. पिशव्या अख्ख्या होत्या. सगळ्या. दोन वर्षांत पहिल्यांदा. माल जेमतेम एक नळीभर. ती यंत्रात ठेवून सर बर्फ बघायला वळले आणि म्हणाले, "समोर पाणी ठेव, तंगी."

डिस्टिल्ड पाण्याची बाटली तळाला गेली होती. मी शहाणी. पाण्याची तंगी, म्हणून समोरच्या नळीत अर्धंच पाणी भरलं, झाकण लावलं आणि बटण दाबलं.

एका बाजूला भरलेली नळी, समोर अर्धी; यंत्र आधी गुरगुरलं, मग थरथरलं, मग चक्क फरशीवरून चालायला लागलं. सरांनी धावत येऊन वायर ओढली, तोवर आत काचेचा चुरा आणि पाक. दोन वर्षं त्या पाकात. सर ओरडले नाहीत. मला काच लागली का, एवढं विचारलं आणि फडकं घेऊन पुसत बसले. रक्त काढलेल्या जागी, त्यांच्या कोपरावरचा कापूस अजून तसाच होता.

पिशव्या पुढं श्रावणात वर आल्या, सायीएवढा पातळ थर. पण मला सांगायचंय ते नळी फुटली त्या आठवड्यातल्या रविवारचं.

नोकरी गेलीच असं धरून मी शेंगाचटणीचा डबा घेऊन दुपारी त्यांच्या घरी माफी मागायला गेले. सर जेवायला बसत होते. ताट एकच. समोर दुसरा पाट मांडलेला आणि त्यावर नुसता तांब्या. कोणी यायचंय का, मी विचारलं.

"कोण येतंय?" सर म्हणाले. "सहा वर्षं झाली बायको जाऊन. समोर मोकळं ठेवलं की जेवण हलतंय बघ. म्हणून पाणी ठेवतो. वजनाला."

माझ्या तोंडून मग सगळंच बाहेर पडलं. तुम्ही तंगी म्हणालात, म्हणून मी अर्धीच भरली. सरांनी हातातला घास ताटात ठेवला. मग त्यांचे खांदे हलायला लागले. रडतायत वाटलं, तर हसत होते. डोळे पुसून म्हणाले, "अगं येडे, आमच्यात धाकट्या बहिणीला तंगी म्हणतात."

मी पहिल्या वर्गासकट खाली मान घालून उभी. सरांनी दुसऱ्या ताटलीत भाकरी मोडली.

"बस तिथं, तंगी. उद्या दुसरा हात हाय की."

बसायला म्हणून मी पाटावरचा तांब्या उचलला, तर पाणी माझ्या पायावर सांडलं. काठोकाठ भरलेला होता. त्या दिवशी नळाला पाणी नव्हतं, तरी अर्ध्यावर भागवलेलं नव्हतं.