खालचे पेठेत होडीदेवीची स्थापना जाहली त्याची हकीकत

श्रीगणरायास नमन, नदीमायेस नमन, आणि लोकांचे बुद्धीस दुरूनच नमस्कार. शके सोळाशे नव्वद, सर्वधारी नाम संवत्सरी एका राज्यात जे घडले ते लिहिले असे. राज्याचे नाव लिहीत नाही, ओळखणारे ओळखतील.

त्या राज्यात नदीचौकीचे कारभारी विसाजी केरो म्हणोन होते. त्यांची धाकटी बहीण सगुणाबाई खालचे पेठेत, अगदी काठाशी दिली होती, म्हणोन पंतांचा जीव त्या पेठेपाशी टांगलेला. वैशाखात पंतांनी पेठेस बजाविले की, नदीने पात्र बदलले आहे, पूर येईल, एक होडी बाळगा. पेठेने सुपारी कातरीत उत्तर केले, "पंत, आजवर आला नाही तो आताच येतो? आला तर बघू." मग पंतांनी दरबारी खेटे घालून जोडे झिजविले, आणि सुतारांच्या मिनतवाऱ्या करून होडी करविली, आणि पेठ म्हणाली, पंतांस दुसरा उद्योग नाही.

मग श्रावणात पूर आला, आणि पंतांनी स्वतः वल्ही मारून बारा खेपांत साठ माणसे टेकडीवर नेली, त्यांत सगुणाबाई आणि तिची दोन लेकरे. पाणी ओसरले, तेव्हा पंतांस वाटले की आता तरी हे शहाणे होतील. ऐसे वाटणे हाच पंतांचा भोळेपणा. पेठेने सभा भरवून ठरविले की, ही होडी नव्हे, साक्षात देवी. मग चौथरा बांधिला, आणि होडी त्यावर लोखंडी पट्ट्यांनी जखडली, आणि शेंदूर फासला, आणि भोवती भिंती उठवून देऊळ केले, आणि दार ठेविले ते एक माणूस वाकून जाईल एवढेच. पंतांनी कपाळास हात लाविला. म्हणाले, "अरे, पुन्हा पूर आला तर ही बाहेर कशी काढाल?"

गुरव शांतपणे म्हणाला, "देवीला बाहेर कशाला काढायची, पंत? आता तीच पूर येऊ देणार नाही."

पंतांनी दरबारी दुसरी होडी मागितली, तो उत्तर आले की, एक असता दुसरी मागणे हा देवीवर अविश्वास होय.

पुढील साली भाद्रपदात नदी पुन्हा चढली. पंत पहार घेऊन देवळात शिरले, आणि आधी पट्ट्या, मग भिंत फोडू ऐसे योजून पट्ट्या उचकटू लागले, तो खुद्द सगुणाबाई लेकरांसह आडवी आली.

"दादा, गेल्या साली हिनंच वाचवलं ना? मग तिच्या अंगाला पहार लावतोस?"

"हिनं नाही गं, मी वल्हवली म्हणून वाचलात," पंत वैतागून म्हणाले. "चल टेकडीवर."

तिने लेकरे दिली, आणि ओटी भरून मागोमाग येते म्हणोन आपण राहिली, आणि पेठेतील तीस माणसे तिजसवे राहिली. पंत दोन्ही भाचे खांद्यावर घेऊन टेकडी चढले, आणि मागे वळून पाहतात तो देवळाचा कळस तेवढा पाण्यावर दिसे.

हकीकत इथवर. सार इतकेच की, एकतीस माणसे गेली आणि होडी तसूभर हलली नाही. पेठेत जे उरले ते म्हणाले, देवीचे सत्त्व पाहा, एवढ्या पुरात जागा सोडली नाही. मग ते प्रसाद घेऊन विसाजीपंतांचे दारी आले, आणि सगुणाबाईच्या दोन्ही लेकरांचे हातावर एकेक पेढा ठेविला.