आमेन कोणी सोडायचं?

एका जंगलात, मुलांनो, एक चर्च होतं. जंगलात चर्च कुठून आलं, असं मध्येच विचारायचं नाही. गोष्टीत कोल्हा न्यायनिवाडा करतो तेव्हा विचारता का? मग आत्ताही गप्प बसा आणि ऐका.

चर्च चांगलं ऐसपैस होतं. एका टोकाला वेदी, दुसऱ्या टोकाला दार, आणि मध्ये बाकांच्या रांगा. पाळक होते एक कासव. त्यांनी आल्या आल्या नियम घालून दिला की, रविवारची घंटा झाल्यापासून शेवटच्या आमेनपर्यंत कोणी कोणाला खायचं नाही. नियम सर्वांना पटला. सापाच्या शेजारी उंदीर बसू लागले आणि एकाच गीतपुस्तकातून गाऊ लागले. पाहुण्यांचे तर डोळेच भरून येत.

आमेननंतर काय, हे पाळकांनी सांगितलं नव्हतं. त्यांच्या पाठीवर कवच होतं, त्यामुळे त्यांना तो प्रश्न सुचलाच नाही.

आमेननंतर व्हायचं ते व्हायचंच. शेवटचा सूर संपला की मंडळी दाराकडे धूम ठोकायची. म्हणून त्या चर्चमध्ये मागचे बाक आधी भरत. तुमच्या चर्चमध्येही मागचे बाक आधी भरतात, पण त्याची कारणं वेगळी आहेत.

गायनमंडळ मात्र वेदीला टेकून बसायचं, दारापासून सगळ्यात लांब. शहाणा प्राणी तिथे कधी बसला नसता. पण शहाणे प्राणी गायनमंडळात येतच नाहीत.

कोण कोण होतं त्या मंडळात? ग्लोरीताई टिटवी वरच्या पट्टीत गायच्या. वरचा सूर एकदा लागला की तो त्यांच्या मालकीचा होई. तो इतरांसाठी मोकळा करायचा असतो, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं असतं तर त्या महिनाभर आल्या नसत्या. शमुवेलराव बेडूक खर्जात गायचे. ते कायम सर्वांच्या मागे असत. आपण मागे पडतो हे त्यांना मान्य नव्हतं. "बाकीचे घाई करतात," असं ते शांतपणे सांगत.

रॉनी माकड गिटार वाजवायचं. वाजवायचं म्हणजे लावायचं. प्रार्थना चालू असताना लावायचं, प्रवचन चालू असताना लावायचं, आणि लागली की नेमकं गाणं संपलेलं असायचं. "तरुणांना चर्चमध्ये आणायचं तर काहीतरी जिवंत पाहिजे," असं ते पाळकांना नेहमी ऐकवी. त्या जंगलात या वाक्यावर बरेच जण मान डोलावत, पण वेगळ्याच अर्थाने.

या सर्वांसमोर बगळे गुरुजी एका पायावर उभे राहत आणि पंख हलवत. त्यांच्याकडे कोणी बघत नसे. गाताना सगळेच भक्तिभावाने डोळे मिटून घेत, कारण डोळे उघडे ठेवले तर गुरुजी दिसतात.

आणि पेटीवर होत्या टबीथाबाई.

टबीथाबाई म्हणजे भेकर. भेकर दिसतं हरणासारखं, पण ओरडतं कुत्र्यासारखं. लहानपणी टबीथाबाईंनी पहिल्याच गाण्याला तोंड उघडलं आणि पुढच्या रांगेतली सशांची पिल्लं रडायला लागली. तेव्हापासून त्या गायच्या बंद झाल्या. पण कान असा तयार की केसाइतका सूर हलला तरी यांच्या मानेवर काटा यायचा. गाता येत नाही आणि बेसूर सोसवत नाही, असा प्राणी शेवटी पेटीवरच येऊन बसतो. मागचा खूर भात्यावर, पुढचे दोन पट्ट्यांवर, अशा त्या वर्षानुवर्षं वाजवत होत्या. "पेटी छान झाली," असं त्यांना आजवर कोणी म्हटलेलं नव्हतं. पेटी बिघडली की मात्र सगळे म्हणत.

आता तुम्ही विचाराल, इतक्या लांब बसून टबीथाबाई इतकी वर्षं जगल्या कशा?

त्या मंडळाला आमेन कधी धड सोडताच आलं नाही, म्हणून जगल्या. गुरुजी पंख खाली आणत. रॉनी आधीच थांबलेलं असे, ग्लोरीताई आणखी थोडं ओढत, आणि सगळं शांत झालं असं वाटतं न वाटतं तोच शमुवेलरावांचं "...मेन" येई. त्यामुळे शेवटचं आमेन नेमकं कोणतं, हे खाणाऱ्यालाही कळत नसे. तेवढ्या गोंधळात टबीथाबाई पेटीला झाकण घालून दार गाठत.

असं बरं चाललं होतं. मग वाघाने बाप्तिस्मा घेतला.

त्याने नाव घेतलं दानिएल, बायबलमधल्या सिंहांच्या गुहेतून जिवंत सुटलेल्या माणसाचं. हेच नाव का, असं विचारायची कोणाची छाती झाली नाही. वाघ ढोंगी नव्हता, हीच खरी पंचाईत होती. तो मनापासून प्रार्थना करी आणि मनापासून नियम पाळी. आमेनच्या आधी तो मुंगीलासुद्धा धक्का लावणार नव्हता. आमेननंतर मात्र त्याला भूक लागे.

कापणीच्या सणाला वाघाला प्रमुख पाहुणा म्हणून बोलावलं. त्याची खुर्ची कुठे ठेवायची, यावर चर्चाच झाली नाही. प्रमुख पाहुणा पुढेच बसतो. खुर्ची पेटीशेजारी ठरली.

बगळे गुरुजींच्या अंगात हे आमंत्रण गेल्यापासून वारं शिरलं. शनिवारी सरावाला ते म्हणाले, "उद्या साहेबांसमोर आपलं आमेन एकदम सुटलं पाहिजे. एका क्षणी. एक मंडळ, एक श्वास. भांडणं पुरे झाली."

सराव संपल्यावर टबीथाबाई त्यांच्याजवळ गेल्या.

"गुरुजी, आमेन एकदम सुटलं तर मी दारापर्यंत पोचायची नाही."

"बाई, तुम्ही स्वतःपुरतं बघता. जरा मंडळाचा विचार करा."

"आणि तुमचं काय?"

"मला पंख आहेत," गुरुजी म्हणाले. ते काही दुष्ट नव्हते. त्यांना फक्त आमेन चांगलं हवं होतं.

टबीथाबाई घरी निघाल्या. त्यांना मरायचं नव्हतं. साधी गोष्ट आहे, कोणालाच नसतं. मग त्यांनी जन्मात केलं नव्हतं ते केलं. त्या चहाड्या करायला निघाल्या.

आधी ग्लोरीताईंच्या माळावर गेल्या.

"ताई, तुमच्या कानावर घालावं म्हणून आले. शमुवेलराव म्हणत होते, टिटवीचा दम आता पुरत नाही."

"असं म्हणाले?"

"वयाचं काहीतरी बोलले. मी नीट ऐकलं नाही."

"उद्या कळेल त्यांना, कोणाचा दम पुरतो ते," ग्लोरीताई म्हणाल्या. त्यांनी लगेच घसा साफ करायला घेतला.

तिथून त्या डबक्यावर आल्या. शमुवेलराव गळा फुगवून बसले होते.

"शमुवेलराव, मनाला लावून घेऊ नका. पण ग्लोरीताई म्हणतात, शेवटी लोकांच्या कानात राहतो तो त्यांचाच सूर. खर्ज काय, असला काय नि नसला काय."

शमुवेलरावांनी गळा आणखी फुगवला. मग म्हणाले, "बघू."

रॉनी फांदीला उलटं लटकलं होतं. त्याला इतकंच सांगावं लागलं की, आमेनला गिटार नको असं गुरुजींच्या मनात आहे.

"नको काय? आता शेवटपर्यंत वाजणार," रॉनी म्हणालं.

दुसऱ्या दिवशी चर्च भरून गेलं. वेदीसमोर भोपळे, कणसं, केळीचे घड मांडले होते. वाघाला शाल आणि नारळ दिला. प्रवचन झालं, अर्पण झालं, आशीर्वाद झाला. वाघाने डोळे मिटून मान खाली घातली. गुरुजींनी पंख वर नेले आणि मंडळाने आमेन धरलं.

धरलं ते धरलंच.

गुरुजींनी पंख खाली आणला. कोणाचे डोळे उघडे नव्हते. त्यांनी पुन्हा आणला. ग्लोरीताई वर ताणत होत्या, शमुवेलराव खाली घट्ट बसले होते, रॉनी तारा झोडपत होतं. प्रत्येकाचं एकच होतं, आधी दुसऱ्याने सोडायचं. गुरुजी दोन्ही पंखांनी हवा कापत राहिले.

मागच्या बाकावरचा उंदीर आधी हलला. आमेन चालू आहे आणि वाघाचे डोळे मिटलेले आहेत, एवढं त्याला पुरलं. त्याच्यामागून ससे गेले, मग चितळं, मग साळिंदरं. हळूहळू सगळे बाक मोकळे झाले. पाळकही निघाले होते, पण ते अजून मधल्या रांगेपर्यंतच आले होते.

टबीथाबाईंनी पट्ट्यांवरून एकेक खूर उचलला. भाता अलगद मिटला. वाघाच्या शेपटीला वळसा घालून, पाळकांना ओलांडून त्या चालत गेल्या आणि दाराबाहेर आल्या. बाहेर ऊन होतं. गवत होतं. त्या जिवंत होत्या, आणि खरं सांगायचं तर इतकं बरं त्यांना कधीच वाटलं नव्हतं.

"पळा बाई," झुडपातून साळिंदर म्हणालं.

टबीथाबाई पळणारच होत्या. पण कान मागे राहिला.

पेटी थांबली होती. आता मंडळाला धरायला काही नव्हतं. आमेन काळी दोन पट्टीत सुरू झालं होतं. शमुवेलरावांच्या वजनाने ते खाली सरकू लागलं. लगतच्या पांढरी दोनवर आलं असतं तरी एक वेळ चाललं असतं. ते मध्येच कुठेतरी अडकलं, दोन पट्ट्यांच्या फटीत. ग्लोरीताई तिसरीकडेच होत्या.

टबीथाबाईंच्या मानेवर काटा आला.

"जाऊ दे ना," त्या स्वतःलाच म्हणाल्या. चार पावलं पुढे गेल्या. मागून सूर आणखी घसरला. त्यांनी कान पाडून घेतले. कान पाडल्याने काही होत नाही, बेसूर आत येतोच.

"निदान एकदा सूर देऊन येते," त्या साळिंदराला म्हणाल्या. "लगेच परत येते."

साळिंदराने बरंच काही सांगितलं. तोवर त्या आत गेल्या होत्या.

त्या पेटीवर बसल्या, भाता ओढला आणि काळी दोन दाबली. नुसता एक सूर, स्वच्छ आणि सरळ. शमुवेलराव चपापून वर चढले. ग्लोरीताई खाली उतरल्या. रॉनीने ऐकून एक तार पिळली आणि गिटार पहिल्यांदाच वेळेवर लागली. मग त्या तिघांना एक विचित्र गोष्ट ऐकू आली. ते एकमेकांना ऐकू आले.

नवलाने तिघांनीही डोळे उघडले. समोर गुरुजींचा पंख होता. पंख खाली आला आणि आमेन सुटलं. एका क्षणी, एका श्वासात, मागे शेपूट न ठेवता.

मुलांनो, त्या जंगलात इतकं सुंदर काही कधी झालं नव्हतं. नंतरची शांतताही सुरात होती.

वाघाचे डोळे अजून मिटलेले होते आणि ओले झाले होते. दारापर्यंतची वाट मोकळी होती. बाक रिकामे होते. टबीथाबाई निघाल्या असत्या तर सहज पोचल्या असत्या. पण असं वाजवल्यावर, कसं झालं ते न ऐकता कोण जातं?

वाघाने डोळे उघडले.

"पेटी कोणाची होती?"

बगळे गुरुजी खाकरले. "मार्गदर्शन तसं माझं—"

"माझी," टबीथाबाई घाईघाईने म्हणाल्या.

"फार छान वाजवलीत, बाई," वाघ म्हणाला. "सूर अगदी नेमका."

एवढ्या वर्षांत हे वाक्य टबीथाबाईंच्या वाट्याला पहिल्यांदाच आलं होतं, आणि ते शब्द त्या पुन्हा मनात म्हणून बघत होत्या.

"नियम तुम्हाला माहीत आहेच," वाघ म्हणाला. त्याला खरोखरच वाईट वाटलं.

गुरुजी उडाले, ग्लोरीताई उडाल्या. शमुवेलरावांनी उडी मारली, रॉनी वाशावर चढलं. हे चौघे सुखरूप घरी पोचले. वाटेत त्यांचं कडाक्याचं भांडण झालं, की आमेन आधी कोणी सोडलं. पेटी मधल्या ओळीत थोडी घाईत होती, यावर मात्र एकमत झालं.

तात्पर्य: गायनमंडळातली भांडणं मिटवू नयेत, त्यांच्यावर पुष्कळांचे जीव तगून असतात. आणि कोणीतरी 'छान झालं' म्हणेल म्हणून थांबायचंच असेल, तर निदान दाराजवळ थांबावं.