आंतोनमामांची शिस्तबद्ध शिकार

खिशात सुका बोंबील ठेवून कुत्र्यांसोबत रानात जाऊ नये, एवढी अक्कल मला पन्नाशीनंतर आली. ती आली तेव्हा मी सुरूच्या बनात पालथा पडलो होतो, पाठीवर कर्नल उभा होता, मेजर माझ्या ट्रॅकपँटचा खिसा फाडत होता आणि आंतोनमामा लांबून ओरडत होते, "शिस्त! जावय, शिस्त!"

कुत्र्यांना नव्हे, मला.

आंतोनमामा म्हणजे माझ्या बायकोचे सख्खे मामा. समुद्राकाठच्या वटार गावात त्यांची केळीची नि सोनचाफ्याची वाडी आहे. मामी जाऊन बरीच वर्षं झाली. कर्नल आणि मेजर हे वाडी राखणारे कुत्रे. हुद्दे मोठे, घराणं गावठी. मामा स्वतः सैन्यात कधीच नव्हते. पण थंडी पडली की खाकी हाफपँट, लोकरीची कानटोपी आणि गळ्यात रेफ्रीची शिट्टी अशा वेशात ते रोज सकाळी 'शिकारीला' निघतात. कमरेखाली आफ्रिका, कमरेवर महाबळेश्वर.

मी या मोहिमेत साखरेमुळे ओढला गेलो. डॉक्टर म्हणाले, चाला. बायको म्हणाली, "गच्चीवर दोन फेऱ्या मारता नि मोबाईल बघत बसता. मामाबरोबर जा." मी पावलं मोजणारं घड्याळ आणि महागडे बूट घेतले आणि स्कूटरवरून माणिकपूर ते वटार अशी ये-जा सुरू केली. घड्याळ स्कूटरच्या धक्क्यांचीही पावलं मोजायचं. मी त्याला कधी अडवलं नाही.

मामांचा पहिला नियम: रानात आवाज नको. हा नियम ते वाटभर मोठमोठ्याने समजावून सांगत, मध्येच शिट्टी फुंकत. त्यामुळे आम्ही बनात शिरायच्या आत कोल्हे खाडीपलीकडे आणि मुंगसं बिळात गेलेली असत. कर्नल-मेजरचा उत्साह मात्र दांडगा. पाचोळा हलला की दोघे सुसाट सुटायचे आणि एकाच बिळात दोन तोंडं खुपसून एकमेकांवर गुरगुरायचे.

"मामा, शिकारीला बंदी आहे ना?" मी एकदा विचारलं.

"ती माणसाला. कुत्र्याने कायदा वाचलाय काय? आणि यांनी आजवर काय मारलं ते तरी बघा."

ते त्यांच्या ओट्यावर खुंट्यांना टांगलेलं आहे. रविवारी समुद्रावर येणारी मंडळी चपला काढून सुरूच्या झाडांना टेकून फोटो काढतात. तेवढ्यात मामांचे शिकारी आपलं काम करतात. मामा काठीने एकेक दाखवतात, "हा कळंब गावाच्या बाजूला पडला. आठ नंबर, डावा. ही मादी, टाच बघा. ही जोडीने चरत होती, एकच हाती लागली." एक गृहस्थ आपला सँडल मागायला आले, तेव्हा मामांनी तो दिला, पण आधी तासभर सुनावलं, "जोडीदाराला असं उघड्यावर सोडतात काय? शिस्त पायजे!"

तिसरी शिकारी म्हणजे बाय. कर्नल-मेजरची आई, म्हातारी, सगळ्यांच्या मागून चालणारी. पोरं धिंगाणा घालत असताना ती झाडांआड हळूच दिसेनाशी व्हायची आणि परतायची तेव्हा तोंडात एक सुका बोंबील असायचा. मग शेपटी उभारून ती थेट घराकडे निघायची. बाय निघाली की त्या दिवसाची शिकार संपली.

"बनात बोंबील कुठून आला, मामा?"

"नाक हाय तिचं, नाक! समुद्र जवळच हाय की."

मी कॉमर्सचा पदवीधर. मला हे पटलं.

आणखी एक. रोज गावच्या क्रुसापाशी मामा मला कुत्रे धरून थांबवत आणि एकटेच पुढे जाऊन येत. म्हणत, "पुढची पाहणी." त्यांचं वय लक्षात घेऊन मी कधी काही विचारलं नाही.

त्या दिवशी मला उशीर झाला. त्यांना गाठावं म्हणून मी समुद्राच्या बाजूने बनात शिरलो. एका वाकड्या सुरूच्या बुंध्याशी खोबण होती, आणि तिच्यात केळीच्या पानावर ठेवलेला झकास कडक बोंबील. समुद्राने आज मलाही एक दिला, असं वाटलं. बायकोला बोंबलाची चटणी आवडते. मी तो खिशात घातला. पुढचं सांगितलंच आहे.

मी उठलो तेव्हा बोंबील मेजरच्या पोटात होता आणि मामांचं ओरडणं थांबलं होतं. बाय त्या वाकड्या सुरूपाशी उभी होती. खोबणीत तोंड घालायची, काढायची, झाडाला फेरी मारायची, पुन्हा तोंड घालायची.

"नाक पावसाळ्यातच गेलं तिचं," मामा हळू म्हणाले. रानात त्यांना हळू बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं. "डोळे त्याच्या आधी. ही एक जागा तेवढी पायाला ठाऊक. रिकाम्या तोंडाने घरी गेली की जेवत नाय. मागे एकदा कावळ्याने नेला, तर नुसत्या पाण्यावर राहिली."

"मी घरून दुसरा आणतो."

"बघा ना, पाय कापतायत. तोवर उभी राहायची नाय ती."

बाय झाडाला वळसा घालून पलीकडे गेली. मला काय सुचलं कोण जाणे. मी खाली बसलो, डावा बूट काढला आणि खोबणीत ठेवला.

ती आली. तोंड आत घातलं. थबकली. मग नाडीला धरून तिने बूट बाहेर ओढला, नीट पकडला आणि शेपटी उभारून घराकडे निघाली.

मामांनी माझ्या मोज्याकडे पाहिलं. मग सगळं बन हादरेल अशा आवाजात ओरडले, "नऊ नंबर! डावा! नर!"

सुरूची बोंडं नुसत्या मोज्यातून पायाला किती टोचतात, यावर मी व्याख्यान देऊ शकेन. ओट्यावर बायने बूट मामांच्या पायाशी टाकला आणि पेजेच्या थाळीत तोंड घातलं. थाळी चाटूनपुसून होईपर्यंत मामा बाजूला बसून होते. मग त्यांनी आपल्या ताटावरचं झाकण काढलं.

"बूट परत मागू नका, जावय," घास मोडत ते म्हणाले. "तिला कळेल."

एक बूट घालून मी घरी आलो. बायको खिशाला हसली, बुटाला हसली, माझ्या समुद्राला तर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. खोबणीतल्या केळीच्या पानाचं सांगितलं, तेव्हा मात्र तिचं हसू थांबलं. चष्मा काढून ती पदराने पुसत बसली.

"मला चष्मा सहावीत लागला," ती म्हणाली. "तोवर मला नीट दिसत नाही हे घरात कोणाला कळलंच नव्हतं. पण पहिला पाडाचा आंबा सगळ्या पोरांत दर वर्षी मलाच सापडायचा. मामा गावभर सांगत फिरायचे, 'नजर हाय पोरीची, नजर!' आणि सापडायचा कुठे, तर चिंचेखाली."