मकरंदबाधा चौकशी समिती

गोड पदार्थ कधी ना कधी बाधतोच, आणि बाधला की समिती नेमावी लागते. उद्यान खात्याच्या कचेरीसमोरच्या मोठ्या झाडाखाली एका सकाळी सात मधमाश्या मरून पडलेल्या आढळल्या. झाड फुलांनी लगडलेले होते. म्हणजे संशयित जागेवरच होता, शिवाय पळून जाणाऱ्यातला नव्हता. 'फुलझाडांचा मकरंद मधमाश्यांस अपायकारक आहे काय?' या प्रश्नावर पाच जणांची समिती बसली (तिघे बसले, दोघे रजेवर होते).

झाड माळीबुवांनी नोकरीच्या पहिल्या आठवड्यात लावलेले. सव्वीस वर्षे ते त्याच्याच सावलीत डबा खात आले होते.

"साहेब, माशीचं आयुष्यच दीड महिन्याचं. वय झालं, गेल्या."

"वयाचा दाखला आहे?" साहेबांनी विचारले. नव्हता.

पाहणीचा दिवस ठरला. सदस्यांना माशी चावू नये म्हणून आदल्या दिवशी झाडावर कीटकनाशक फवारण्याचा लेखी आदेश निघाला. माळीबुवांनी फवारले. पाहणीत एकशे बारा माश्या मृत आढळल्या. प्रकरण गंभीर, म्हणून दुसरी पाहणी आणि दुसरी फवारणी: चारशे सहा. तिसऱ्या वेळी एकही मेली नाही, कारण मरायला कोणी उरले नव्हते. (अहवालात नोंद: 'माश्यांनी मकरंदाचा धसका घेतला आहे.')

माळीबुवांना राहवेना. "साहेब, एकदा न फवारता बघू या की!"

"आणि अध्यक्षांना चावली तर? जबाबदार कोण, तुम्ही की झाड?"

पंप माळीबुवांच्याच हातात होता, त्यामुळे त्या दिवसापासून त्यांनी त्या सावलीत डबा उघडला नाही.

मकरंद दोषी ठरला. झाड तोडावे, असे ठरले. हरकती मागवणारी नोटीस नियमानुसार झाडालाच खिळा मारून लावली. मुदत तीस दिवस. माळीबुवा जेवणाच्या सुट्टीत समोर बसून वाचणारे मोजत. दोन हजार एकशे चौऱ्याण्णव जण थांबले. बहुतेकांनी हळहळून मान हलवली. एकाने शुद्धलेखनाच्या दोन चुका काढल्या.

हरकत एकच आली, माळीबुवांची. कर्मचाऱ्यास स्वतःच्या खात्याविरुद्ध हरकत घेता येत नसल्याने ती फेटाळली गेली. एकतिसाव्या दिवशी कुऱ्हाड त्यांनाच दिली, कारण मुळे कुठवर गेली आहेत हे तेच जाणत होते.

नागरिकांत जागृती नाही, असे मात्र कोणी म्हणू नये. नोटीस सर्वांनी शेवटपर्यंत वाचली होती. तुम्हीही इथवर वाचलेत, मानही हलवलीत. आमची काही हरकत नाही.