एक एमबीचा बांध

कॉम्प्युटर बिघडवायला अक्कल लागत नाही, सुधारायला लागते, असं मी दर वर्षी वर्गात पहिल्याच तासाला सांगतो. विश्रामबागेतल्या एका कॉलेजात चौदा वर्षं कॉम्प्युटर शिकवतोय, म्हटलं तर कुणीतरी आहे! तेव्हा आमच्या तात्यांनी पाठवलेली डिस्क मी सुधारायला घेतली, यात कुणाला नवल वाटायचं कारण नव्हतं. नवल पुढे वाटलं. अख्ख्या गावाला, एकदम!

तात्या म्हणजे आकाराम तात्या, माझे थोरले चुलते. फौजेच्या सिग्नल तुकडीतून सुभेदार म्हणून रिटायर झाले आणि उंब्रजजवळ आमच्या गावी येऊन राहिले. बाकीचे रिटायर सुभेदार संध्याकाळी पारावर बसून शेजारच्या देशांना धडा शिकवतात. तात्यांनी एक जुना कॉम्प्युटर घेतला, त्यावर लिनक्स टाकलं आणि आठ वर्षं एकच काम केलं. गावातून फौजेत गेलेल्या एकेका माणसाचे फोटो, पत्रं, आवाज, जे मिळेल ते घरोघर फिरून गोळा केलं आणि चार टीबीच्या एका डिस्कवर भरलं. सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं की शाळेत ते सगळ्यांना दाखवायचं ठरलं.

पहिला मान अंबूबाईंचा. त्यांचा एकुलता एक मुलगा सयाजी सव्वीस वर्षांपूर्वी सीमेवर शहीद झाला. त्याने बॅरॅकमधून आईसाठी कॅसेट भरली होती, पण ती पाठवायची राहूनच गेली. तात्यांनी सयाजीच्या फौजेतल्या जोडीदाराला कुठून कुठून शोधून काढलं आणि ती मिळवली. अंबूबाई आता पाचगणीला लेकीकडे राहतात. ऐंशीच्या पुढच्या या बाई फक्त तो आवाज ऐकायला गावी येणार होत्या.

डिस्क माझ्याकडे आली त्या दिवशी तात्यांचा फोन आला.

"धैर्यशील, शाळेचं मशीन जुनं हाय, बायोसवालं. पुढं ही डिस्क साताऱ्याला न्यायची, तिथली मशीनं नवी, ईएफआयवाली. दोन्हीकडं चालू व्हाय पायजे अशी केलीया. जुन्यावर मी बघितलंय. तुझ्या नव्या लॅपटॉपवर तेवढी लावून बघ."

"एवढंच?"

"एवढंच. दुसरं काय करू नगंस."

डिस्क लावली. पहिल्या झटक्यात सुरू! इथे मी लॅपटॉप मिटून जेवायला बसलो असतो तर ही गोष्ट लिहायची वेळ आली नसती. पण मास्तरकीचा एक रोग असतो. दुसऱ्याची वही तपासायला घेतली की लाल शाईचा एक तरी फराटा ओढल्याशिवाय राहवत नाही. मी डिस्कची वाटणी कशी केलीय ते उघडून पाहिलं. तीन तुकडे होते. शेवटचा अवाढव्य, त्यात तात्यांची आठ वर्षं. मधला लहानसा, नव्या मशीनसाठी. आणि सगळ्यांत पुढे फक्त एक एमबीचा चिमुकला तुकडा. नाव नाही, गाव नाही, आत एक फाईलसुद्धा नाही!

तेवढ्यात आबा चहाची कपबशी घेऊन मागे येऊन उभे राहिले. आबा म्हणजे माझे वडील धनाजी, तात्यांचे धाकटे भाऊ. यांच्याबद्दल एक सांगायला हवं. गावी दोघा भावांच्या उसामध्ये एक बांध आहे. मी लहान असताना त्यावरून बैलगाडी जायची. आता मांजर जातं, तेही तिरकं होऊन! आबा म्हणतात, पावसानं वाहून गेला. तात्या म्हणतात, पाऊस एकाच बाजूनं कसा काय पडतो? त्यावरून अकरा वर्षं दोघांत बोलणं नाही.

"ह्यो बारका तुकडा कुणाचा रं?" आबांनी बशीतून विचारलं.

"कुणाचाच नाही. नुसता रिकामा सोडलाय."

"काय पेरलंय त्यात?"

"काही नाही."

"मग घे की गड्या शेजारच्यात ओढून! मोकळा कशाला ठेवायचा?"

खरं सांगतो, मी आबांचं ऐकलं असं नाही. मलाही ते आधीच सुचलं होतं! तो तुकडा पुसला, मधला तुकडा पुढे सरकवला आणि सगळं कसं एका रेघेत आलं. पुन्हा लॅपटॉपवर चालवून पाहिलं. सुरू! आबा समाधानाने भुरका मारून आत गेले.

"तात्यांनी काही करू नका म्हणून सांगितलं होतं ना?" संयोगिता म्हणाली. ही माझी बायको.

"तात्या सुभेदार आहेत. मी प्राध्यापक आहे!"

सव्वीसला पहाटे मोटरसायकलवर निघालो, तर ही लॅपटॉपची बॅग घेऊन दारात. मी हसलो. "अगं, ही डिस्क कुठल्याही मशीनवर चालते. तोच तर मुद्दा आहे!" बॅग घरी राहिली.

शाळेच्या हॉलमध्ये सतरंजी अंथरलेली. पुढे खुर्च्या, पडदा, प्रोजेक्टर. शाळेच्या बाई, राजनंदिनी मॅडम, यांनी कॉम्प्युटर पुसूनबिसून लख्ख केला होता, वर झेंडूची फुलंसुद्धा ठेवली होती. अंबूबाई पहिल्या खुर्चीत, कोरं लुगडं नेसून, दोन्ही हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या. जावयाच्या पिकअपमधून आल्या होत्या. स्ट्रॉबेरीचे दिवस, गाडीला दुपारी माल भरायचा होता, त्यामुळे बाराला निघणं भाग होतं. आत्ता साडेदहा झाले होते. दीड तास म्हणजे रग्गड!

सरपंचांनी नारळ फोडला. मी बटण दाबलं.

पडदा काळा झाला. कोपऱ्यात एक पांढरी रेघ उघडझाप करू लागली. गावाने टाळ्या वाजवल्या! पाच मिनिटं झाली तरी रेघच. टाळ्या थांबल्या.

"बंद करून चालू करा," मागून कुणीतरी म्हणालं. केलं. रेघ!

"आवं, वायर हलवा की." हलवली. रेघ!

"दोन टिप्पिरं हाणा कडंला!" तीही हाणली.

सरपंचांनी माईक घेतला आणि गावाच्या पाणीपुरवठ्यावर बोलायला सुरुवात केली. मला घाम फुटला, आणि घाम फुटल्यावर सुशिक्षित माणूस जे करतो तेच मी केलं. दुसऱ्याकडे बोट दाखवलं!

"मॅडम, हे मशीन नीट ठेवलेलं दिसत नाही."

"नाही हो सर," राजनंदिनी मॅडम गोंधळून म्हणाल्या. "गेल्याच आठवड्यात तात्यांनी हीच डिस्क इथे लावून बघितली. छान चालली होती."

"तेव्हाचं तेव्हा. मधे व्होल्टेज खालीवर झालं असेल. स्टॅबिलायझर कुठाय?"

बाईंचा चेहरा एवढासा झाला. तात्यांनी मला दंडाला धरून व्हरांड्यात नेलं.

"तू काय केलंस का रं डिस्कला?"

आता बघा, इथे एक शब्द पुरे होता. हो! पण आत अख्खं गाव बसलेलं आणि मी विश्रामबागेचा प्राध्यापक.

"छे हो तात्या! नुसती लावून बघितली."

तात्यांनी माझ्याकडे क्षणभर पाहिलं आणि मान हलवली. त्यांनी विश्वास ठेवला. शिव्या घातल्या असत्या तर मी विसरलोही असतो.

आणि विश्वास ठेवल्यामुळे तो सत्तरीचा माणूस गुडघ्यावर बसून शाळेचा कॉम्प्युटर उघडू लागला. मेमरीच्या पट्ट्या काढून खोडरबरने घासल्या. आतला सेल बदलला. ग्रामपंचायतीचा कॉम्प्युटर दोघांनी खुर्चीवर बसवून, वरात काढल्यासारखा आणला. तोही जुना. रेघ! दूध डेअरीचा आणला. तो त्याच्याहूनही थोरला. रेघ! सरपंचांचा पाणीपुरवठा संपून गटार योजना सुरू झाली. मी प्रत्येक वेळी "हं, आता होईल" म्हणत होतो आणि ते होणार नाही हे ओळखून होतो. तिन्ही मशीनं जुनी आणि तिन्हींवर तीच रेघ, म्हटल्यावर काय चुकलं ते वर्गातल्या पहिल्या बाकावरच्यालाही कळलं असतं.

"झालं का रं लेकरा?" अंबूबाई मधूनमधून विचारत.

"होतंय आजी, दोनच मिनिटं!"

बाराला पिकअपचा हॉर्न वाजला. मग पुन्हा वाजला. जावई बिचारा आत येऊन अवघडून उभा राहिला. अंबूबाई उठल्या.

"ऱ्हाऊ द्या आता. माझ्याच नशिबात न्हाई, तर मशीन तरी काय करंल? त्या बाईस्नी कुणी बोलू नगासा."

पिकअप फाटकातून वळली. मग माझ्या तोंडून निघालं, "तात्या, पुढचा एक तुकडा मी पुसलाय."

तात्या आत वळले. डिस्क काढली, घरी नेली, आपल्या कॉम्प्युटरला लावली. मी मागोमाग.

"हितं एक एमबी व्हता," पडद्यावर बोट ठेवून ते म्हणाले. "जुनं मशीन फाईल शोधत न्हाई. एवढ्या मोठ्या डिस्कवर त्याला पाय ठेवायला मोकळी जागा लागती, तिथनंच ते आत शिरतं. त्यात काय पेरायचं नसतं. बांध हाय त्यो. तुला रिकामा दिसला व्हय?"

"आबा म्हणाले, मोकळा कशाला…"

"धनाजीनं बघितला?" तात्यांनी डोळे मिटले. "मग ऱ्हातोय कसा! मातीतला बांध खाल्ला, आता डिस्कवरचाबी खाल्ला. आन् तू शिकून सवरून बापावरच गेलास!"

मी सगळं पुढे सरकवूनही डिस्कच्या अगदी तोंडाशी बोटभर जागा शिल्लक होती. तिथे त्यांनी तो तुकडा पुन्हा बसवला. मी घड्याळ पाहिलं. पाच मिनिटं लागली, फक्त पाच! व्हरांड्यात खरं बोललो असतो तर अकराच्या आत अंबूबाईंनी लेकाचा आवाज ऐकला असता. डिस्क सुरू झाली, पडद्यावर सयाजीचं नाव आलं. मी हात पुढे केला, तात्यांनी अडवला.

"पयला मान तिचा हाय."

परतताना शाळेत जाऊन राजनंदिनी मॅडमची माफी मागितली. "असू दे सर," म्हणाल्या, पण फुलं उचलताना त्यांनी मान वर केली नाही.

पुढच्या रविवारी मी आणि तात्या पाचगणीला गेलो. लॅपटॉप घेतला होता. दोन घेतले होते! अंबूबाई पडवीत बसल्या होत्या. तात्या बिचारे माझ्यासाठी खोटं बोलायला निघाले, "अंबूबाई, तवा मशीन जरा…" पण मी मधेच म्हणालो, "आजी, मशीन चांगलं होतं. मी बिघडवलं. आणि वर लपवलं."

त्यांनी मान डोलावली. "लाव आता."

आधी खरखर झाली. मग सव्वीस वर्षांपूर्वीचा तरणाताठा आवाज आला.

"आये, हितं लय थंडी हाय. मी बरा हाय. त्यो रेडिओ मी खोलून नीट केलाय, चालतोय का? चालत नसंल तर कुणाला हात लावू दिऊ नगंस, सुट्टीला आलो की बघतो…"

अंबूबाई डोळ्यांतून पाणी काढत हसायला लागल्या. त्यांनी फळीवर बोट दाखवलं. कापडात गुंडाळलेला रेडिओ होता.

"चांगला गात व्हता गं बाई! ह्यानं नीट केला तवापास्नं मुका झालाय. तुज्यासारखाच व्हता बघ."

मला भरून आलं, आणि भरून आलं की माझं तोंड सुटतं.

"आजी, मी बघू का जरा उघडून?"

"हात लावू नगंस!" अंबूबाई आणि तात्या एकदम ओरडले.

मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसलो.